पातोळी, नेवरी आणि पहिले अठ्ठावीस दिवस

चतुर्थीच्या दोन दिवस आधीची दुपार. डिचोलीच्या आमच्या घरी नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, घाट घातलेला. मावशी लाटत होती, मी सारण भरून मुरड घालत होते, आणि माझ्या मुरडीला तिची नावं ठेवणं चाललं होतं. मध्येच तिनं पिठाच्या बोटानंच मोबाईल माझ्याकडे सरकवला. घरच्या ग्रूपवर कुणीतरी पाठवलेलं होतं: 'शुक्राणू नको, बीजांड नको, आईचं पोटही नको! शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत केलं बाळ!!' खाली जोडलेले हात आणि रडके चेहरे.

"तूं थंय हेंच करता मगो?" मावशीनं विचारलं.

नाही. मी माशांची अंडी बघते. पण ती बातमी धादांत खोटीही नव्हती, आणि तेल तापलेलं असताना 'अर्धी खरी आहे' एवढं सांगून भागत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी या क्षेत्रात तशी नवखी. पीएचडी होऊन तीन वर्षं झाली, स्वतःची प्रयोगशाळा अजून नाही, गोव्याबाहेर एका मोठ्या गटात करारावर काम करते. विषय एकच: एका पेशीपासून अख्खा प्राणी घडतो कसा. सुट्टीत घरी आले की डिचोली-सत्तरीतल्या शाळांत हेच सांगत फिरते. खालचे प्रश्न मला तिथे नाहीतर आमच्या स्वयंपाकघरात विचारलेले आहेत. उपमाही स्वयंपाकघरातल्याच निघाल्या, त्याला माझा नाइलाज आहे.

आधी दोन शब्द आणि एक हिशेब

बीजांड आणि शुक्राणू एकत्र आले की फलन झालं. तिथपासून साधारण आठ आठवडे त्या जिवाला भ्रूण म्हणायचं, पुढे गर्भ. एवढे दोन शब्द पुरे.

हिशेबात मात्र भल्याभल्यांचा गोंधळ होतो. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण बाईला तीच तारीख ठाऊक असते. फलन त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होतं. म्हणजे डॉक्टर 'सहा आठवडे' म्हणाले की पोटातलं भ्रूण असतं चार आठवड्यांचं. मी इथे सगळे दिवस फलनापासून मोजते आहे. हा दोन आठवड्यांचा फरक लक्षात ठेवा, पुढे त्यावर बरंच काही अवलंबून आहे.

माणसाचं बीजांड असतं 0.1 मिलिमीटरचं. टोक काढलेल्या पेन्सिलीनं कागदावर टिंब दिलंत तर त्याहूनही लहान. फलनानंतर साधारण दिवसभरानं या एका पेशीच्या दोन होतात, तिसऱ्या दिवशी आठेक. गंमत म्हणजे या काळात भ्रूण आकारानं वाढतच नाही. तवसाळीच्या वड्या पाडल्या म्हणून तवसाळी वाढते का? तसंच हे, तुकडे जास्त, ऐवज तेवढाच. पाचव्या दिवशी शंभरेक पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. बाहेरच्या आवरणातून वार होणार असते आणि आत एका बाजूला चिकटलेल्या पेशींच्या लहानशा पुंजक्यातून बाळ. सहाव्या-सातव्या दिवशी हा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुतायला लागतो. आईला या सगळ्याचा पत्ताही नसतो.

नकाशा कुणाकडे असतो?

शाळेत हमखास येणारं उत्तर: "टीचर, डीएनएमध्ये." पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं, मुलांचं काय चुकलं? पण मग अडचण अशी, की शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची तीच प्रत असते. डोळ्यात तीच, टाचेतही तीच. मग टाचेतल्या पेशीला कसं कळतं की आपण टाच व्हायचंय?

1888 साली विल्हेल्म रू या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाचं दोन पेशींचं भ्रूण घेतलं, त्यातली एक पेशी तापलेल्या सुईनं मारली, आणि त्याला अर्धं भ्रूण मिळालं. त्याला वाटलं, कोडं सुटलं; प्रत्येक पेशीच्या वाट्याला नकाशाचा एकेक तुकडा येतो. तीनच वर्षांनी हान्स ड्रीश यानं समुद्री साळिंदराच्या, म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका काटेरी गोल प्राण्याच्या, भ्रूणावर तसाच प्रयोग केला. फरक एवढाच की त्यानं पेशी मारली नाही, भ्रूण हलवून हलवून दोन्ही पेशी सुट्या केल्या. दोन अर्धे मिळतील अशी अपेक्षा होती. मिळाली दोन पूर्ण पिल्लं, चणीनं लहान पण पूर्ण. रूच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटून राहिली होती, त्यामुळे जिवंत पेशीला आपण एकटे उरलोय हे कळलंच नव्हतं. ड्रीश या निकालानं असा हादरला की पुढे प्रयोग सोडून तत्त्वज्ञानाकडे वळला. एकसारखी दिसणारी जुळी भावंडं हा तोच प्रयोग. तो निसर्ग आपल्या शेजारीपाजारी करत असतो.

म्हणजे नकाशाचे तुकडे वाटलेले नसतात, आणि अख्खा नकाशा घेऊन बसलेला कुणी मुकादमही नसतो. मग काम चालतं कसं?

समजा परसात चुलीवर बांगडे भाजतायत. स्वयंपाकघरातल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी, मधल्या खोलीतल्याला भूक लागलेली, पुढच्या सोप्यावर बसलेल्याला वास येतोय-न-येतोयसा. आता घरातल्या प्रत्येकाला एकच नियम पाठ आहे असं धरा: वास भरून आला तर ताटं मांड, बेताचा आला तर पाणी भर, अगदी पुसट आला तर मांजर आत येऊ नये म्हणून दार लोट. कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही, घराचा आराखडा कुणी पाहिलेला नाही. तरी ताटं स्वयंपाकघरात मांडली जातात आणि दार सोप्याचं लागतं.

भ्रूणात नेमकं हेच होतं. काही पेशी एखादं रसायन सोडतात. जवळच्या पेशींना ते जास्त मिळतं, लांबच्यांना कमी. किती मिळालं त्यावरून पेशी आपण कुठे आहोत हे ओळखते आणि डीएनएमधलं त्या जागेपुरतं पान उघडते. पान उघडणं म्हणजे ठरावीक जनुकं चालू होणं आणि बाकीची बंद राहणं. अशा रसायनाला 'मॉर्फोजेन' हे नाव गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यानं 1952 साली दिलं. कमी-जास्त प्रमाणातून जागा कळते ही कल्पना लुईस वोल्पर्ट यांनी 1969 साली फ्रान्सच्या तीनरंगी झेंड्याची उपमा देऊन मांडली. ते लंडनमध्ये काम करत होते. डिचोलीचे असते तर बांगडेच म्हणाले असते.

हे संकेत किती ताकदीचे असतात ते हिल्डा मांगोल्ड या तरुण जर्मन मुलीनं दाखवलं. पीएचडी करत असतानाच. ट्रायटन नावाच्या, पाण्यात राहणाऱ्या पालीसारख्या प्राण्याच्या फिकट रंगाच्या जातीतून तिनं भ्रूणाचा एक चिमुकला कपचा काढला आणि गडद जातीच्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. काही दिवसांनी तिथे दुसरं शरीर उगवलं: पाठ, कणा, डोकं, पोटाला पोट चिकटलेल्या जुळ्यासारखं. आणि रंगावरून दिसत होतं की या दुसऱ्या शरीरातल्या बऱ्याच पेशी गडद होत्या, म्हणजे यजमानाच्या. बाहेरून आलेल्या कपच्यानं आजूबाजूच्यांना फक्त 'इथे पाठ करा' एवढं सांगितलं होतं. तिचे मार्गदर्शक हान्स श्पेमान असल्या कामासाठी तान्ह्या बाळाच्या केसाचा फास वापरत, कारण तितकी बारीक आणि मऊ दुसरी वस्तू मिळत नसे. शोधनिबंध 1924 साली छापून आला. त्याच वर्षी घरातल्या शेगडीचा स्फोट होऊन हिल्डा वारली, वय 25. नोबेल श्पेमान यांना मिळालं, 1935 साली. मुलींच्या शाळेत मी ही गोष्ट कधी गाळत नाही.

म्हणजे सगळं आतल्या आतच ठरतं?

नाही, आणि त्याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. मोरजी, आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याची माणसं घरट्यांना कुंपण करून राखण करतात, ते तुम्ही पाहिलं असेल. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं. या पिल्लांत नर कोण आणि मादी कोण हे डीएनए ठरवत नाही, वाळू ठरवते. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या, थंड असेल तर नर. समुद्रकिनाऱ्यांचं तापमान वाढलं तर कासवांचं काय होणार, ही काळजी इथूनच येते. माणसाच्या बाबतीत मुलगा-मुलगी फलनाच्या क्षणीच गुणसूत्रांवरून ठरतं, आणि ते वडिलांच्या शुक्राणूवर अवलंबून असतं. हे वाक्य शाळेपेक्षा काही घरांत जाऊन सांगायची जास्त गरज आहे.

पातोळीचा आठवडा

आतापर्यंत नुसता गोळा होता. शरीराला आकार यायला तिसऱ्या आठवड्यात सुरुवात होते. नागपंचमीला पातोळ्या करताना बघा: हळदीचं पान, त्यावर तांदळाच्या पिठाचा थर, वर गूळ-खोबऱ्याचं चून, आणि मग पान दुमडायचं. एका सपाट वस्तूतून तीन थरांची वस्तू झाली.

चौदा-पंधरा दिवसांचं भ्रूणही असंच एक सपाट पान असतं. त्याच्या मधोमध एक रेघ उमटते. या रेघेतून वरच्या पेशी आत उतरतात, खाली पसरतात, आणि पानाचे तीन थर होतात. बाहेरच्या थरातून कातडी, मेंदू आणि मज्जातंतू. मधल्यातून हाडं, स्नायू, रक्त, काळीज. आतल्यातून आतड्याचं अस्तर, यकृत, फुप्फुसं. रेघेच्या एका टोकाला पुढे डोकं होणार, दुसऱ्या टोकाला शेपूट, म्हणजे आपल्या बाबतीत माकडहाड. वोल्पर्ट म्हणत की आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची घटना जन्म, लग्न किंवा मरण नव्हे, तर हीच. लग्नसराईत हे कुणाला पटत नाही.

उपमा एका जागी लंगडी पडते. पातोळी दुमडायला हात लागतो. भ्रूण स्वतःच स्वतःला दुमडतं: पेशी आकार बदलतात, एकमेकींना ओढतात, चिकटतात, सोडतात. ही ओढाताण किती जोराची असते, हेच माझं रोजचं काम. माझ्या आकडेवारीची झळ तुम्हाला लागू देत नाही.

मुरड सुटली तर

आता नेवरी. पाठीकडच्या थरात मधोमध एक पन्हळ पडते, तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, जवळ येतात आणि जुळून एक नळी तयार होते. हीच नळी पुढे मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू होते. कडा जुळायला एका ठिकाणी सुरुवात होते आणि मग दोन्ही बाजूंना मुरड घातल्यासारखी जुळणी सरकत जाते. वरचं टोक पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होतं, खालचं अठ्ठाविसाव्या.

मुरड कुठे सुटली तर? नेवरी तेलात उकलते. खालच्या बाजूला नळी उघडी राहिली तर बाळाच्या पाठीत कणा नीट मिटत नाही, पायांतली शक्ती आणि लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. वरच्या बाजूला राहिली तर मेंदूच घडत नाही आणि बाळ जगत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फार स्वस्त आहे: फॉलिक ॲसिड, ब गटातलं एक जीवनसत्त्व. ज्यांना आधी असं बाळ झालं होतं अशा स्त्रियांवर सात देशांत एक मोठी चाचणी झाली. 1991 साली निकाल आला: फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत हा दोष 72 टक्क्यांनी कमी. गरोदर होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला साधारणपणे रोज 400 मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात. आधी असं बाळ झालेलं असेल तर मात्रा वेगळी, ती डॉक्टरच ठरवतील.

आता तो दोन आठवड्यांचा फरक आठवा. पाळी चुकते तेव्हा भ्रूण चौदा दिवसांचं असतं. बाई अजून दोन आठवडे वाट बघते, मग चाचणी करते, मग डॉक्टरची वेळ मिळते. तोवर अठ्ठाविसावा दिवस उलटलेला असतो आणि मुरड घालून झालेली असते. गोळी दिवस गेल्यावर सुरू करायची नाही, दिवस जाण्याआधीपासून घ्यायची. माझ्या दोन चुलत बहिणींना हे डॉक्टरकडून कळलं तेव्हा तिसरा महिना चालू होता. दोन्ही बाळं सुखरूप आहेत, पण पुरणपोळीच्या कृतीइतकी ही माहिती घरात पाठ असायला काय हरकत आहे?

ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ फाटतो का?

हा प्रश्न कुजबुजत येतो, कार्यक्रम संपल्यावर, बहुतेक वेळा शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेकडूनच. हसण्यावारी न्यायचा नाही असं मी ठरवलंय, कारण विचारणारीच्या घरात कधीकधी तसं बाळ असतं आणि दोष तिच्या माथी मारलेला असतो.

चेहरा एका तुकड्यात तयार होत नाही. दोन बाजूंनी आणि वरून छोटे छोटे उंचवटे वाढत येतात आणि मध्यावर जुळतात. नाकाखाली ओठावर जी खळी असते ती चाचपून बघा. या जुळणीची खूण ती. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळलेला असतो, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. जुळणी राहून गेली की ओठ किंवा टाळू दुभंगलेला राहतो. जगभरात साधारण सातशे जन्मांत एकाला असं होतं, ग्रहण पाळणाऱ्या घरांत आणि न पाळणाऱ्याही. कारणं अनेक आणि गुंतलेली: काही जनुकं, धूम्रपान, दारू, फिटवरची काही औषधं, आईचा आधीपासूनचा मधुमेह.

आता तारीख लावून बघा. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं आणि सुनेनं विळी हातात घेतली, तर तोवर ओठ जुळून चार-पाच महिने झालेले असतात. जुळलेला ओठ परत कसा फाटेल? हा हिशेब मांडला की बायका पटकन मान्य करतात. सासूबाईंना मान्य व्हायला अजून एखादं ग्रहण जातं. दुभंगलेल्या ओठावर शस्त्रक्रिया होते, बाळ काही महिन्यांचं असतानाच होते, आणि छान होते. ग्रहणाबद्दल वाद घालण्यापेक्षा मी ही माहिती आधी देते.

माशाचं बघून माणसाचं काय कळणार?

माझी सकाळ अशी असते. आदल्या संध्याकाळी टाकीत नर आणि मादी मध्ये पडदा घालून वेगळे ठेवलेले असतात. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. उजेड पाहून झेब्राफिश अंडी घालतात. ती जाळीतून खाली पडतात, नाहीतर आई-बाप खाऊन टाकतील. गाळणीत गोळा करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. काचेसारखी आरपार. पाऊण तासात पहिली पेशी दुभंगते, मग दर पंधरा मिनिटांनी पुढची विभागणी. त्याच दिवशी पुढे पाठीच्या दोन्ही बाजूंना छोटे चौकोनी ठोकळे उमटू लागतात; त्यांतूनच मणके आणि पाठीचे स्नायू होतात. हे ठोकळे 28.5 अंश तापमानाला दर अर्ध्या तासानं एकेक जोडी असे पडतात. मी चहा पिऊन येते तोवर एक जोडी वाढलेली असते. चोवीस तासांत काळीज धडधडायला लागतं. जिवंत काळीज, चिरफाड न करता, आरपार दिसणारं.

हा मासा मूळचा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यानं 1822 साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये तो प्रयोगशाळेत आणला, आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. आपला आंबा परदेशातून डब्यात भरून परत यावा, तसं काहीसं.

माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना या माशात जोडीदार जनुक सापडतं. पण आकड्यापेक्षा एक गोष्ट सांगते.

अमेरिकेच्या आयडाहो भागात 1950च्या दशकात मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरं व्हायला लागली, कपाळाच्या मधोमध. आपल्याकडेही एकडोळ्या करडाच्या बातम्या येतात आणि लोक हळदकुंकू घेऊन जातात. तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं माग काढला तेव्हा कळलं की मेंढ्या गाभण राहिल्यावर चौदाव्या दिवशी डोंगरातली एक विशिष्ट रानवनस्पती खात होत्या. तिच्यातल्या रसायनाला नाव मिळालं सायक्लोपामाईन. ते नेमकं करतं काय, हे मात्र कळेना.

उत्तर आलं माशीकडून. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटासारख्या माशीत 1980 साली क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ट आणि एरिक विशाऊस यांनी एक जनुक शोधलं होतं. ते बिघडलं की अळीच्या अंगावर काटेच काटे येतात, म्हणून नाव ठेवलं हेजहॉग, काटेरी अंगाच्या एका प्राण्यावरून. तेच जनुक कोंबडीत, माशात, मेंढीत, माणसात आहे. ते आपल्या बांगड्यांच्या वासाचं काम करतं. भ्रूणात डोळ्यांची जागा सुरुवातीला एकच असते. मधल्या रेषेतून हा संकेत येतो आणि त्या जागेचे दोन भाग पडतात. सायक्लोपामाईन हा संकेत पेशींना ऐकूच येऊ देत नाही. जागा एकच राहते, डोळाही एकच. पुढे दिसलं की त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगात हाच संकेत नको तेव्हा चालू राहतो. तो बंद करणारं औषध 2012 साली अमेरिकेत मान्य झालं. देवीचा कोप म्हणून कोकरू पुरून टाकलं असतं तर इथवर कुणी पोचलं नसतं.

प्राण्यांवरून माणसाचं नेहमीच कळतं असंही नाही, हे सांगितलं नाही तर ती लबाडी होईल. थॅलिडोमाईड हे झोपेचं आणि मळमळीचं औषध 1957 साली पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं. ते घेतलेल्या आयांना हातपाय न वाढलेली दहा हजारांहून जास्त बाळं झाली, तेव्हा 1961च्या अखेरीस बाजारातून काढलं. नंतर तपासलं तर उंदरांच्या पिल्लांवर त्याचा असा परिणाम होतच नाही; सशांवर होतो. कुठल्या प्राण्याला काय विचारायचं हेही शिकावं लागतं. आणि काही प्रश्न असे असतात की ते माणसाच्या पेशींनाच विचारावे लागतात. मावशीच्या मोबाईलवरची बातमी तिथली आहे.

मग ते बातमीतलं बाळ?

मूलपेशी म्हणजे अजून काहीही न ठरलेली, कुठलीही पेशी होऊ शकणारी पेशी. ती भ्रूणातून मिळते. आणि मोठ्या माणसाच्या कातडीच्या पेशीला मागे नेऊन तसंच काही करता येतं, हे शिन्या यामानाका यांनी 2006-07मध्ये दाखवलं. नोबेल 2012.

2023च्या सप्टेंबरात इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या जेकब हाना यांच्या गटानं मानवी मूलपेशींचे गोळे केले, त्यांना योग्य संकेत दिले, आणि त्यांतले काही गोळे आपलेआप चौदाएक दिवसांच्या भ्रूणासारखे रचले गेले. शुक्राणू नाही, बीजांड नाही, गर्भाशय नाही. इथवर बातमी खरी. पण शंभर गोळ्यांत एखादाच असा जमला. त्याला काळीज नाही, मेंदू नाही, चेहरा नाही. मधल्या पायऱ्या वगळून ते तिथवर आलेलं असल्यामुळे गर्भाशयात रुजू शकणाऱ्या भ्रूणाची जागा ते घेऊ शकत नाही. मूलपेशींवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नियम अशी प्रतिकृती गर्भाशयात ठेवायला साफ मनाई करतात. ते बाळ नाही. पातोळीच्या आदल्या दिवशीचं पान म्हणा हवं तर.

करायचं कशाला? कारण दुसरा ते चौथा आठवडा आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. सोनोग्राफीत काही कळावं एवढा आकार नसतो आणि आईला बहुधा अजून माहीत नसतं. कितीतरी गर्भ याच काळात पडतात. मुरड का सुटते, औषध कुठल्या दिवशी घातक ठरतं, हे माणसाच्या बाबतीत बघायला दुसरी खिडकी नाही.

खऱ्या मानवी भ्रूणावर प्रयोगाची मर्यादा चौदा दिवस आहे. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीनं 1984 साली ती सुचवली. कारण पंधराव्या दिवसाच्या सुमारास ती रेघ उमटते. तिच्याआधी एका भ्रूणाची दोन होऊ शकतात, म्हणून 'एक व्यक्ती' म्हणणंही कठीण. भारतातही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मार्गदर्शक तत्त्वं हीच सीमा मानतात. बरीच वर्षं ही मर्यादा कागदावरच होती, कारण एवढे दिवस भ्रूण जगवता येत नव्हतं. 2016 साली केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या गटांनी बारा-तेरा दिवसांपर्यंत नेलं आणि नियम म्हणून थांबवलं.

आज चौदा म्हणतात, उद्या चाळीस म्हणतील, अशी शंका फोंड्याच्या एका निवृत्त मास्तरांनी काढली होती. शंका रास्त आहे. 2021 साली त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेनं सरसकट मनाई काढून 'समाजाशी बोलून, एकेक प्रकरण तपासून' असं म्हटलं. माझ्या मते रेघ हलवायची की नाही हे आमच्यासारख्यांनी एकट्यानं ठरवू नये. वॉर्नॉक स्वतः तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक होत्या, जीवशास्त्राच्या नव्हे, आणि त्यांनी आखलेली रेघ चाळीस वर्षं टिकली.

हे सांगत कशाला फिरायचं?

हा प्रश्न मात्र माझ्याच क्षेत्रातले लोक विचारतात. 'त्या वेळात एक पेपर लिहून झाला असता.' झाला असता, खरं आहे. करारावरच्या माणसाला शाळेतल्या तासाचे गुण मिळत नाहीत.

पण मला सुभाष मुखोपाध्याय आठवतात. 1978च्या जुलैत ब्रिटनमध्ये जगातली पहिली टेस्टट्यूब बेबी जन्मली आणि 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, कोलकात्यात दुर्गा. तुटपुंज्या साधनांत मुखोपाध्याय यांनी ते साधलं होतं. राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं त्यांचं म्हणणं मानलं नाही, परदेशी जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही, नंतर बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. 1981 साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत 1986 साली केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली, तेव्हा देशातलं पहिलं म्हणून तिचंच नाव झालं. त्या कामातले शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांनी पुढे मुखोपाध्याय यांच्या वह्या वाचल्या आणि 1997 साली जाहीरपणे सांगितलं की पहिला मान त्यांचा. स्वतःचा मान असा दुसऱ्याला देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या खेपेला सत्तरीतल्या एका शाळेत मी खुडूक कोंबडीखालची पाच दिवसांची अंडी मागवली होती. खिडक्यांना चादरी लावून वर्ग काळोख केला आणि अंड्याच्या बोथट टोकाला टॉर्च धरला. तांबूस उजेडात लाल शिरांचं कोळ्याचं जाळं आणि मध्ये एक ठिपका, हलणारा. वर्ग चिडीचूप. मग पाचवीतल्या एका मुलानं विचारलं, "टीचर, पयलीं कितें जाता? काळीज काय मेंदू?"

मी म्हटलं, मेंदूची नळी आधी दुमडायला लागते, पण कामाला लागतं ते काळीज; माणसाचं बाविसाव्या दिवसाच्या सुमारास. त्यानं मान हलवली, आपल्या अंड्यावर पेन्सिलीनं फुली मारली आणि अकराही अंडी टोपलीत घालून परत नेली.

दोन आठवडे उलटून गेल्यावर त्याच्या बाईंच्या मोबाईलवरून त्याचा निरोप आला. दहा पिल्लं झाली, फुलीवालं अंडं फुटलंच नाही. का? मी उलट विचारलंय की त्या दिवशी टॉर्चमध्ये त्या अंड्यात ठिपका हलत होता का, की नुसतं कोळ्याचं जाळं होतं. तो आठवून सांगतो म्हणालाय.